कमाई मुलाची, हक्क कुणाचा? पॉल पीटरसनचं प्रकरण

२४ सप्टेंबर १९५८ रोजी अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर 'द डोना रीड शो'चा पहिला भाग दाखवला गेला. घरातल्या धाकट्या मुलाचं, जेफ स्टोनचं काम करणारा पॉल पीटरसन आदल्याच दिवशी तेरा वर्षांचा झाला होता. मार्च १९६६ मध्ये मालिका बंद झाली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्या काळी तिथे एकविसाव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळे, म्हणजे तोही त्याला अजून मिळालेला नव्हता. मधल्या आठ हंगामांत २७५ भाग झाले. सरासरी काढली तर वर्षाला चौतीस. मिसरूड फुटण्यापासून पुढचं सगळं वय या मुलानं देशासमोर काढलं, आणि त्यातली काही वर्षं गाणं म्हणत.

बालकलाकारांच्या कहाण्यांमध्ये पीटरसनचं नाव सहसा पहिलं येत नाही. आधी आठवतात ते लुटले गेलेले, मार खाल्लेले, अकाली गेलेले. त्याच्या मालिकेच्या सेटवर असा कुणी खलनायक नव्हता. डोना रीड ही ऑस्कर मिळालेली अभिनेत्री, मुलांना जपणारी. पीटरसन आजही तिच्याबद्दल आदरानंच बोलतो. पडद्यावरचा बाप कार्ल बेट्झ हाही भला माणूस. कायदे पाळले जात होते. तरीही मालिका संपल्यावर हा मुलगा जो कोसळला तो सावरायला बरीच वर्षं लागली. मला हे प्रकरण अभ्यासासारखं वाटतं ते याच कारणासाठी. दुष्ट आईबाप किंवा लबाड निर्माता असला की सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळं होता येतं. इथे ती सोय नाही. इथे धंद्याची घडणच तपासावी लागते.

नवव्या वर्षीची नोकरी

पीटरसनचा जन्म १९४५ चा, कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलचा. स्टुडिओंच्या सावलीतलं गाव. मुलाला नाच-गाणं शिकवून चाचण्यांना नेणाऱ्या आयांची तिथे वाण नव्हती, आणि त्याची आई त्यांतलीच. आपण या धंद्यात का आलो, याचं उत्तर तो गमतीनं देतो की आई आपल्यापेक्षा आकारानं मोठी होती म्हणून. गंमत बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतोच: काम करायचं की नाही हा प्रश्न त्या मुलाला कुणी विचारलेला नव्हता.

१९५५ मध्ये डिस्नेनं 'मिकी माउस क्लब' हा रोजचा कार्यक्रम उभा करायला घेतला. उंदराच्या कानांची टोपी घालून गाणारी, नाचणारी मुलं हवी होती. त्यांना 'माउसकेटिअर' म्हणत. निवड झालेल्यांत पीटरसन होता, आणि थोड्याच आठवड्यांत त्याला काढूनही टाकलं गेलं. कारण वर्तन. पोरगा मारामारी करायचा, ऐकायचा नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं हे वर्तन शाळेत झालं असतं तर शिक्षकांनी कान धरला असता, आईला बोलावलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच बाकावर येऊन बसला असता. इथे मात्र तो नोकर होता, आणि नोकराला काढता येतं. दूरचित्रवाणीनं मुलांना घराघरांत नेलं ते बालपणाचं चित्र म्हणून. करारात मात्र ती मोठ्या माणसांसारखीच कामगार होती. ही विसंगती या प्रकरणात शेवटपर्यंत सोबत राहते.

काढून टाकल्यावरही काम थांबलं नाही. १९५८ मध्ये 'हाउसबोट' या चित्रपटात कॅरी ग्रँट आणि सोफिया लॉरेन यांच्याबरोबर त्याची चांगली मोठी भूमिका होती. त्याच वर्षी जेफ स्टोन पदरात पडला.

दिवस कसा जायचा

'द डोना रीड शो' प्रेक्षकांसमोर होत नसे. एका कॅमेऱ्यानं, चित्रपटासारखं तुकड्या-तुकड्यांत चित्रण व्हायचं आणि हशा नंतर ध्वनिपट्टीवर चिकटवला जायचा. या पद्धतीत नटाचा बराचसा वेळ वाट बघण्यात जातो. एक शॉट झाला की दिवे हलवायचे, कॅमेरा दुसऱ्या बाजूला न्यायचा, नटाच्या जागी दुसरं कुणीतरी उभं करून प्रकाश बसवायचा. मोठे नट या वेळात सिगारेट ओढत. मुलाला या वेळात शाळा असे.

कॅलिफोर्नियात शाळेच्या दिवसांत काम करणाऱ्या मुलाला रोज तीन तास शिक्षण देणं बंधनकारक होतं, आणि त्यासाठी सेटवर स्टुडिओ-शिक्षिका असे. ती नुसती शिकवत नसे. मुलाच्या तब्येतीची आणि कामाच्या तासांची जबाबदारीही तिचीच. वेळ भरली की ती मुलाला सेटवरून उचलून नेऊ शकत असे, मग दिग्दर्शक कितीही मोठा असो. तिच्या घड्याळाला सगळे वचकून असत.

पण हे तीन तास सलग मिळत नसत. दिवे लागेपर्यंतची दहा-वीस मिनिटं, मग हाक, मग शॉट, मग परत वही. बीजगणितातलं समीकरण अर्ध्यावर सोडून मुलानं उठायचं, मेकअप ठीक करून घ्यायचा, पडद्यावरच्या बहिणीशी ठरलेलं भांडण ठरलेल्या जागी उभं राहून करायचं, 'कट' झाल्यावर परत त्याच समीकरणापाशी यायचं. दिवसभर हेच. त्या काळच्या बहुतेक बालकलाकारांनी नंतर जे सांगितलं त्यात हा तुटक अभ्यास येतोच. तास भरायचे, नोंदवहीत सह्या व्हायच्या, कायदा समाधानी. एखाद्या विषयात बुडून जाणं म्हणजे काय, हे मात्र त्या मुलाला कळायला वाव नव्हता. शिवाय वर्गात दुसरं मूल जवळपास नाहीच. खोडी काढायला नाही, डबा वाटून घ्यायला नाही.

तरी यंत्रणेचा हा भाग चालत होता हे कबूल करायला हवं. १९५८ च्या कॅलिफोर्नियात मुलाचे तास मोजले जात होते. फेडरल, म्हणजे केंद्राच्या पातळीवर चित्र उलटं होतं. १९३८ चा न्याय्य श्रममानक कायदा, ज्यानं अमेरिकेत बालमजुरीला लगाम घातला, त्यानंच चित्रपट, नाटक आणि पुढे रेडिओ व दूरचित्रवाणीत काम करणाऱ्या मुलांना बालमजुरीच्या तरतुदींतून वगळलं. गिरणीत मूल चालणार नाही, स्टुडिओत चालेल. राज्यानं काही केलं तर केलं.

गाणं आलं कुठून

आता गाण्याकडे. पीटरसनची गायक म्हणून जी ओळख झाली ती गळ्यामुळे झाली असं त्याचा चाहताही म्हणणार नाही. आवाज बरा, पल्ला बेताचा. पण त्या काळात दूरचित्रवाणीतल्या किशोरांना गायला लावणं हा पक्का हिशेब झाला होता, आणि त्याची सुरुवात रिकी नेल्सनपासून झाली. 'द ॲडव्हेंचर्स ऑफ ओझी अँड हॅरिएट' ही खऱ्याखुऱ्या नेल्सन कुटुंबाची मालिका. १० एप्रिल १९५७ च्या भागात सोळा वर्षांचा रिकी एक गाणं म्हणाला आणि तबकडी धडाधड खपली. तोवर रेकॉर्ड कंपन्या नवं गाणं वाजावं म्हणून रेडिओवाल्यांच्या मिनतवाऱ्या करत. इथे तर अर्ध्या तासाची मालिकाच जाहिरात होती, तीही फुकटात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा.

'द डोना रीड शो'चा निर्माता टोनी ओवेन, म्हणजे डोना रीडचा नवरा, हे बघत होताच. मालिका स्क्रीन जेम्सबरोबर निघत होती. स्क्रीन जेम्स ही कोलंबिया पिक्चर्सची दूरचित्रवाणी शाखा. कोलंबियाची स्वतःची तबकड्यांची कंपनी होती, कोलपिक्स. म्हणजे नट घरचा, मालिका घरची, तबकडी घरची. पुढे १९६३ मध्ये कोलंबियानं ऑल्डन म्युझिक ही न्यूयॉर्कची नामांकित संगीत प्रकाशन संस्थाही विकत घेतली, तेव्हा गाणी लिहिणारेसुद्धा घरचेच झाले.

आधी पाळी आली पडद्यावरच्या बहिणीची, शेली फेबरेची. आपल्याला गाता येत नाही हे तिला स्वतःला पक्कं माहीत होतं आणि तिनं ते पुढे मुलाखतींत मोकळेपणानं सांगितलंही. ओवेनपुढे तिचं काही चाललं नाही. स्टुडिओत तिच्यामागे साथीला उभ्या होत्या डार्लीन लव्ह आणि 'द ब्लॉसम्स', म्हणजे त्या काळातल्या पट्टीच्या गायिका. त्यांचा आवाज ऐकून या मुलीच्या पोटात गोळा आला नसता तरच नवल. तिचं 'जॉनी एंजल' एप्रिल १९६२ मध्ये बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

मग पीटरसन. त्याच वर्षी एक हलकंफुलकं, विनोदी गाणं एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्यानंतर 'माय डॅड'. बॅरी मान आणि सिंथिया वाइल या तेव्हाच्या आघाडीच्या जोडीचं हे गाणं, मुलगा बापाला उद्देशून म्हणतो असं. १९६२ च्या शरद ऋतूत मालिकेच्या एका भागात जेफ ते आपल्या वडिलांसमोर, डॉक्टर स्टोनसमोर गातो. १९६३ च्या सुरुवातीला ते सहाव्या क्रमांकावर पोहोचलं.

तो भाग लक्ष देऊन पाहावा. पडद्यावर मुलगा त्या क्षणी गातोय असं वाटतं, पण गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं आहे; सेटवर ते वाजतंय आणि तो ओठ हलवतोय. ध्वनिमुद्रणाची पद्धत वादकांच्या संघटनेच्या नियमानं बांधलेली होती: तीन तासांचं एक सत्र, आणि कंपनीचा प्रयत्न असे की त्या तीन तासांत तीन-चार गाणी उरकावीत. वादक पट्टीचे, वेळ महाग, मुलाला सूर सापडेपर्यंत थांबायला कुणाला सवड नाही. आणि समोर बसलेला बेट्झ मात्र खरोखर गहिवरलेला दिसतो. हजारो घरांत बापांनी ते गाणं ऐकलं आणि त्यांचेही डोळे पाणावले असतील. सगळी बनावट रचना, आणि तिच्या मधोमध एक अस्सल भाव. ही किमया मालिकेला जमली होती हे मान्यच केलं पाहिजे. नाहीतर सहाव्या क्रमांकापर्यंत तबकडी जात नाही.

मात्र एक गोष्ट त्या वयाच्या मुलाला समजणं अवघड होतं. लोक तबकडी विकत घेत होते ती जेफ स्टोनची. वेष्टनावर नाव पॉल पीटरसनचं असलं तरी गाण्यातला बाप डॉक्टर स्टोन होता. मालिका बंद पडली तर गायकही बंद पडणार होता. झालंही तसंच. नंतर त्यानं मोटाउनसारख्या मातब्बर कंपनीकडेही गाणी केली, पण ती चालली नाहीत.

पैसा

इथे एका जुन्या प्रकरणाशिवाय पुढे जाता येत नाही. जॅकी कूगन हा १९२१ मध्ये चॅप्लिनबरोबर 'द किड'मध्ये झळकलेला मुलगा. बालपणात त्यानं मिळवलेली रक्कम तीस ते चाळीस लाख डॉलरच्या घरात असावी असा अंदाज. सज्ञान झाल्यावर त्यानं पैसे मागितले तर आई आणि सावत्र बापानं हात वर केले: पोराची कमाई आईबापाची. कायदाही तेच म्हणत होता. १९३८ मध्ये त्यानं दावा लावला आणि शेवटी त्याच्या पदरात पडले सुमारे १,२६,००० डॉलर. या बोभाट्यानंतर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. लोक त्याला 'कूगन कायदा'च म्हणतात.

पुढच्या साठ वर्षांत बहुतेकांची समजूत अशी की प्रश्न मिटला. नटांच्या आईबापांचीही तीच समजूत. कायदा वाचला तर वेगळंच दिसतं. मुलाबरोबर केलेला करार मूल पुढे मोडू शकतं, हा निर्मात्याचा खरा धोका होता. करार न्यायालयाकडून मंजूर करून घेतला की तो मोडता येत नाही. अशी मंजुरी देताना न्यायाधीश निव्वळ कमाईतला काही भाग, जास्तीत जास्त अर्धा, मुलासाठी बाजूला ठेवायला सांगू शकत असे. शकत असे, इतकंच. करार न्यायालयात नेलाच नाही तर काहीच नाही. दूरचित्रवाणीवरची असंख्य छोटी-मोठी कामं न्यायालयाची पायरी न चढताच होत. आणि जे बाजूला ठेवलं जाई त्याशिवायची कमाई कायद्यानं आईबापांचीच राहिली. मुलाच्या नावानं झालेल्या कायद्याचा पक्का फायदा झाला तो निर्मात्याला.

१९६४ ते १९६६ या काळात एबीसीवर 'द ॲडम्स फॅमिली' चालू होती आणि तिच्यात अंकल फेस्टरचं काम करत होता टक्कल केलेला, प्रौढ जॅकी कूगन. त्याच वाहिनीवर त्याच वर्षांत पीटरसनची मालिका. ज्याच्या नावाचा कायदा तो माणूस आणि त्या कायद्याच्या भोकांमधून ज्याची कमाई गळत होती तो मुलगा, दोघं एकाच मालकाच्या वेळापत्रकात.

१९६३ मध्ये पीटरसनची खरी बहीण पॅटी हीसुद्धा मालिकेत आली, ट्रिशा नावाच्या अनाथ मुलीच्या भूमिकेत. ती तेव्हा आठ वर्षांची होती. आता एका घरातली दोन मुलं एकाच मालिकेवर होती. अशा घरात बापाचं स्थान काय, शिस्त कुणी कुणाला लावायची, वाढदिवसाला सायकल कुणाच्या पैशानं यायची, हे प्रश्न उघड विचारले जात नसत. पण पीटरसननं नंतर बालकलाकारांच्या घरांविषयी जे जे मांडलं त्याचा गाभा हाच आहे. मूल मिळवतं झालं की घरातली उतरंड उलटी होते. सगळ्यांना ती कळते, मुलालाही.

१९६६ नंतर

मालिका बंद झाली आणि फोन वाजेनासा झाला. तो वीस वर्षांचा होता, पण लोकांना तेरा वर्षांचा जेफ हवा होता. थोडीफार पाहुण्या भूमिकांची कामं मिळाली. दारू आणि नशा आली. याबद्दल तो स्वतः कधी आडपडदा ठेवत नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे एकेकाळचा बालकलाकार मिकी रूनी यानं त्याला बजावलं की हे शहर सोड, शिकून घे, हे लोक तुला पुढची कित्येक वर्षं काम देणार नाहीत. रूनी बोलला तो अनुभवानं. तो स्वतः या रस्त्यानं आधी जाऊन आलेला. पीटरसन कनेक्टिकटला गेला, शिकला, खपाऊ रोमांचकथा लिहू लागला. लेखणी चालती झाली आणि तो हळूहळू माणसात आला.

या काळातला सर्वांत विचित्र भाग म्हणजे जेफ स्टोन मात्र कुठेच गेला नव्हता. मालिकेचे भाग पुनःपुन्हा दाखवले जात. त्याचे पैसे? १९७४ पर्यंत नटांच्या संघटनेच्या करारात दूरचित्रवाणीच्या पुनःप्रक्षेपणाचं मानधन ठरावीक वेळांपुरतंच होतं. तेवढ्या वेळा भाग दाखवून झाला की पुढे कितीही वेळा दाखवा, नटाला छदाम नाही. १९७४ च्या करारानं ती मर्यादा उठली, पण पुढच्या कामांसाठी. १ जुलै १९८५ रोजी निकलोडियन वाहिनीवर निक ॲट नाइट हा जुन्या मालिकांचा रात्रीचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याच्या पहिल्या रात्रीच्या कार्यक्रमांत 'द डोना रीड शो' होता, आणि पुढे तो तिथे वर्षानुवर्षं चालला. चाळिशीला टेकलेल्या माणसाला रस्त्यात मुलं ओळखू लागली, ती जेफ म्हणून.

तरी पीटरसन नशीबवानच म्हणायचा. स्क्रीन जेम्सचीच दुसरी मालिका घ्या, 'डेनिस द मेनेस', १९५९ ते १९६३. तिचा नायक जे नॉर्थ. आई कामाला जायची म्हणून सेटवर त्याची जबाबदारी मावशीकडे होती. एखादा शॉट पुन्हा घ्यावा लागला की ती त्याला मारायची, इतर मुलांत मिसळू द्यायची नाही, हे त्यानं मोठेपणी उघड केलं. कंपनी तीच, राज्य तेच, स्टुडिओ-शिक्षिकेचे नियम तेच. तास मोजणाऱ्या यंत्रणेला बंद दाराआडचा मार दिसला नाही.

हेमर, आणि त्यानंतरचं काम

१८ जानेवारी १९९० रोजी लुइझियानात रस्टी हेमरनं आत्महत्या केली. वय ४२. 'मेक रूम फॉर डॅडी' या डॅनी थॉमसच्या मालिकेत १९५३ पासून १९६४ पर्यंत तो मुलगा होता, चुरचुरीत बोलणारा, विनोदाची वेळ अचूक साधणारा. मालिकेनंतर त्याला नट म्हणून फारसं काम मिळालं नाही. त्याआधी १९७६ मध्ये 'फॅमिली अफेअर'मधली ॲनिसा जोन्स अठराव्या वर्षी नशेच्या अतिमात्रेनं गेली होती. पीटरसनला ही सगळी माणसं आपल्या पिढीची, आपल्या जातकुळीची वाटत. हेमर गेल्यावर त्यानं 'अ मायनर कन्सिडरेशन' ही संघटना उभी केली.

सुरुवातीचं काम साधं होतं: जुन्या बालकलाकारांचा शोध घ्यायचा, फोन करायचा, कुणी संकटात असेल तर गाडी काढून जायचं. जे नॉर्थ मार खाण्याबद्दल बोलता झाला तो याच माणसांच्या सोबतीनं. डॉक्टर जे ऐकू शकत नाही ते दुसरा बालकलाकार ऐकू शकतो, कारण त्याला आधी संदर्भ समजावून द्यावा लागत नाही.

मग कायद्याकडे मोर्चा वळला. नट संघटना आणि इतरांबरोबर बरीच वर्षं रेटा लावल्यावर कॅलिफोर्नियानं कूगन कायदा नव्यानं लिहिला आणि तो १ जानेवारी २००० पासून लागू झाला. दोन गोष्टी बदलल्या. एक, करार न्यायालयात गेलेला असो वा नसो, एकूण कमाईतले १५ टक्के मालकानं थेट मुलाच्या नावच्या विश्वस्त खात्यात भरायचे. मूल अठरा वर्षांचं झाल्याशिवाय तिथून पैसा निघत नाही. दोन, मुलाची कमाई ही मुलाचीच मालमत्ता, आईबापांची नव्हे. मला दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटते. १५ टक्के हा आकडा लक्षात राहतो म्हणून सगळे तोच सांगतात. पण एका वाक्यानं मालकी फिरली, आणि उरलेल्या ८५ टक्क्यांचा हिशेब आईबापांकडे मागण्याचा आधार मुलाला मिळाला.

तक्रारीला जागा अजून आहे. एजंटाचं कमिशन, व्यवस्थापकाचा वाटा, कर, फोटो, शिकवण्या, चाचण्यांसाठीचा प्रवास हे सगळं त्या ८५ टक्क्यांतून जातं आणि बघता बघता ते खाली येतं. न्यूयॉर्कनं २००४ पासून साधारण तसाच कायदा लागू केला, बऱ्याच राज्यांनी काहीच केलं नाही, आणि १९३८ ची फेडरल सूट आजही तशीच आहे. मालिका बंद झाल्यावर त्या मुलाचं पुढे काय, याबद्दल कुठल्याही कायद्यात ओळ नाही. ती लिहिता येईल का हेही कठीणच आहे. पीटरसनची संघटना ते काम फोनवरून आणि ओळखीपाळखीवरून करत आली.

गेल्या काही वर्षांत हाच वाद नव्या जागी गेला आहे. घरातलीच मुलं, घरातलाच कॅमेरा, आणि आईबापांच्या नावाची व्हिडिओ वाहिनी. इलिनॉय राज्यानं १ जुलै २०२४ पासून अशा मुलांसाठी कमाईतला वाटा बाजूला ठेवणं सक्तीचं केलं. कॅलिफोर्नियाचा त्याच धर्तीचा कायदा २०२५ मध्ये लागू झाला. दोन्हीकडे मूल महिन्यातल्या किमान ३० टक्के चित्रफितींत दिसत असेल तर हिशेब सुरू होतो. पीटरसनच्या लहानपणी तास मोजले जात होते आणि पैशाकडे कुणी बघत नव्हतं. या नव्या तरतुदींत पैसा मोजला जातो. मुलानं दिवसातून किती वेळ कॅमेऱ्यासमोर असावं याचा आकडा त्यांत नाही, आणि सेट म्हणजे स्वयंपाकघर किंवा दिवाणखाना असल्यामुळे वेळ भरली म्हणून मुलाला उचलून नेणारी शिक्षिकाही नाही.